पडद्याकडे पाठ

गेल्या खेपेला सिनेमा बघताना तुम्हाला रडू आलं, त्याच्या लगेच नंतर पडद्यावर काय दाखवलं होतं, आठवतं का?

रडू कशानं आलं ते सांगू नका. ते सगळ्यांनाच आठवतं. मी त्याच्या पुढचं विचारतोय. आठवत नसेल तर लाजायचं कारण नाही, मलाही आठवलं नव्हतं. प्रश्न माझा नाही, देठे साहेबांचा आहे. त्यांनी तो मला विचारला तेव्हा मी विशीत होतो आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं छापील उत्तर माझ्या शबनम पिशवीत तयार असायचं.

देठे साहेब सरकारच्या आरोग्य प्रचाराच्या गाडीवरचे अधिकारी. आधी नेवाशाकडे शाळामास्तर होते, आणि मास्तरकी अंगातून गेलेली नव्हती. कलेक्टरलासुद्धा ते वाक्य अर्धं सोडून 'काय?' म्हणून विचारत आणि उरलेलं त्याच्याकडून पुरं करून घेत. गाडी म्हणजे एक जीप, मागं जोडलेला ट्रेलर, त्यात प्रोजेक्टर, जनरेटर, भोंगा आणि इसाक नावाचा ऑपरेटर. गावोगाव पडदा बांधायचा आणि माशा, पाणी, पाळणा, देवीची लस यांवरचे सरकारी सिनेमे दाखवायचे, हे काम.

मी त्यांना भेटलो बहात्तरच्या दुष्काळात, तिसगावजवळच्या पाझर तलावाच्या कामावर. कॉलेज सोडून मी तिथं पत्रकं वाटत होतो. मजुरी वेळेवर मिळावी, रेशनवरच्या अमेरिकी लाल मिलोच्या जागी धड ज्वारी मिळावी, आणि झालीच तर क्रांती. साहेबांनी मला मुकादमाशी भांडताना ऐकलं आणि संध्याकाळी बोलावून घेतलं.

"आवाज चांगला आहे तुमचा. गाडीवर घोषणा द्यायला माणूस हवाय. त्यात काय भरायचं ते नंतर बघू."

सरकारी गाडीवर जाणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पण भोंगा सरकारचा असला तरी ऐकणारे कान जनतेचे, असा मुद्दा मी स्वतःलाच पटवून दिला आणि जीपमध्ये बसलो.

पहिल्याच खेळाला मी चमकलो. सिनेमा सुरू झाला की साहेब रिळांचा रिकामा पत्र्याचा डबा पडद्याच्या पायथ्याशी उपडा घालत आणि पडद्याकडे पाठ करून त्याच्यावर बसत. पुढ्यात सगळं गाव. साहेबांच्या हातात लाल कागद गुंडाळलेली बॅटरी. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

"साहेब, तुम्ही बघत नाही?"

"बघतोय की. पडदा मला पाठ आहे. माणसं दर गावाला नवी असतात."

माणसांत ते काय बघत? शेंगा. आमच्याकडे सिनेमाला शेंगा घेऊन बसायची पद्धत. अंधारात टरफलं फुटत राहतात, कडकड, कडकड. चित्र मनात शिरलं की तो आवाज बंद पडतो. हात अर्ध्यात थांबतो, शेंग बोटांत तशीच. साहेब कान देऊन बसत. कुठल्या दृश्याला टरफलं थांबली, कुठल्याला पुन्हा सुरू झाली, हे त्यांना रीळ न बघता कळे. आरोग्यमंत्र्यांच्या भाषणाला तर एवढ्या शेंगा फुटत की इसाक म्हणायचा, "साहेब, ह्या सीनवर घाणा लावला तर तेल निघंल."

दुष्काळ वाढला तशा शेंगा संपल्या आणि साहेबांचं यंत्र बंद पडलं. सरकारदरबारी दुष्काळाची जी नुकसानी मोजली गेली तिच्यात ही धरलेली नव्हती. मग ते पुरुषांचा तळहात बघू लागले. तंबाखूला चुना लावून मळणारा अंगठा कुठं थांबतो ते. बायकांचं मिश्रीचं बोट बघू लागले.

या सगळ्याला त्यांच्याकडे शास्त्राचा आधार होता. पुण्याला प्रशिक्षणाला गेले असताना एका डॉक्टरनं त्यांच्या डोक्याला तारा लावून त्यांना एक छोटा सिनेमा दाखवला होता. कागदावर लेखणी आपोआप मेंदूच्या लाटा काढत होती. ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगत आणि काठीनं मातीत लाटा काढून दाखवत.

"डोळे मिटून निवांत पडलो, तर ह्या अशा मोठ्या, संथ. डोळे उघडले, चित्र बघायला लागलो, की बारीक आणि दाट. म्हणजे वरचा मजला जागा झाला. मी डॉक्टरला म्हटलं, वा, म्हणजे मी काय शिकलो तेही यात दिसत असेल! तर तो म्हणाला, नाही. लाटा एवढंच सांगतात की मेंदू जागा आहे. पण एक गोष्ट सांगत नाहीत, की तो…"

इथं ते थांबत, समोरच्याकडे बघत आणि विचारत, "काय?"

"कशासाठी जागा आहे," समोरचा पुरं करी.

माझ्या पत्रकांवरही त्यांनी हाच प्रयोग केला. एक पत्रक हातात घेऊन बोट फिरवलं. "पहिल्या ओळीत रक्त. दुसऱ्या ओळीत माता. तिसऱ्या ओळीत भुकेलं मूल. उद्गारचिन्हं तर मुंग्यांसारखी. मागणी कुठंय?"

"शेवटी."

"चला." त्यांनी मला हजेरीच्या रांगेपाशी नेलं. एक म्हातारा माझ्या पत्रकात तंबाखू बांधत होता. साहेबांनी नम्रपणे विचारलं, "बाबा, हे वाचलं का?"

"व्हय, वाचून घेतलं की पोराकडनं. लई वाईट वाटलं बगा."

"कशाचं?"

"ते… काय हुतं त्यात… लेकरू हुतं."

"आणि मागणी काय होती?"

म्हाताऱ्यानं पुडी उलगडायला घेतली, मग तंबाखू सांडेल म्हणून पुन्हा बांधली. परत येताना साहेब म्हणाले, "मागणी आधी सांगत चला. रडवायचंच असलं तर नंतर रडवा." तेव्हाच त्यांनी मला तो वरचा प्रश्न विचारला. मी उत्तर न देता त्यांना भांडवलशाही करमणुकीबद्दल ऐकवलं. ते म्हणाले, "आवाज खरंच चांगला आहे."

त्या उन्हाळ्यात देवीची साथ पलीकडच्या तालुक्यात आल्याची बातमी होती. तलावावर हजारो माणसं दाटीनं राहत होती. साथ इथं शिरली असती तर लेकरं पटापट गेली असती. लस टोचणारे, ज्यांना लोक देवी डॉक्टर म्हणत, ते छावणीत येऊन बसले होते. पण टोचून घ्यायला माणसं येत नव्हती. टोचलं की ताप येतो, तापात काम बुडतं, काम बुडलं की मजुरी नाही. माणसं आणायची कामगिरी साहेबांवर आली.

त्यांनी एक जुना, कोरडा सिनेमा लावला. त्यात एक माणूस सदरा काढतो, डावा दंड पुढं करतो, टोचून घेतो, खपली धरते, खपली पडते, संपलं. रडणं नाही, गाणं नाही. छावणीत पडदा मधोमध बांधलेला. पुढून पुरुष, मागून बायका, म्हणजे बायकांना चित्र उलटं दिसायचं. साहेब निम्मा वेळ पुरुषांकडे तोंड करून बसले आणि निम्म्या वेळी पडद्याखालून वाकून बायकांच्या बाजूला गेले. तिथं त्यांनी डबा टाकला, पडद्याकडे पाठ केली, आणि लगेच आवाज आला,

"ओ साहेब, पिच्चर तिकडं हाय! आमच्या तोंडावर काय लावलंय का?"

ही गयाबाई. खडी फोडणाऱ्या बायकांची म्होरकी. चेहऱ्यावर देवीचे वण, आणि जीभ मुकादमालाही घाबरवणारी. बायका खो खो हसल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "लागेल बाई, लागेल. बघा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बरीच माणसं टोचायला आली, आणि देवी डॉक्टर वैतागून आमच्याकडे आले. "काय शिकवलंय तुम्ही यांना? पुरुष सगळे डावा हात पुढं करतात आणि बाया सगळ्या उजवा! डावा सांगितला तरी ऐकत नाहीत. म्हणतात, पिच्चरमध्ये हाच हुता."

मी साहेबांना एवढं खुश कधी पाहिलं नव्हतं. डब्यावरून उठून त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "म्हणजे पाहिलं! बायकांनी नीट पाहिलं हो! उलटं दिसलं, पण पाहिलं! टोचा उजव्यावर, काय बिघडतंय!"

निम्मी छावणी मात्र राहिली होती. त्यातच वरच्या कचेरीतून नवा सिनेमा आला, सोबत हुकूम की जुना बंद करून हाच दाखवावा. नवा सिनेमा 'भावनाप्रधान' होता. एका घरी दोन भाऊ, एकाच कापडाचे सदरे. थोरल्याला टोचलेलं नसतं. त्याला देवी येते, तो मरतो, आई ऊर बडवून रडते. मग धाकट्याला टोचतात, डाव्या दंडावर, अगदी नीट, जवळून दाखवत.

तो खेळ मी विसरणार नाही. थोरला गेला आणि छावणीत हुंदका उठला. अंगठे थांबले, मिश्रीची बोटं थांबली. मी पडद्याकडे बघत होतो आणि माझ्या तत्त्वांसकट रडत होतो. साहेब तेवढे बॅटरी फिरवत माणसांकडे बघत होते. धाकट्याला टोचायचं दृश्य आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "आता बघा." सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांवर होते. पुरुष नाक शिंकरत होते. सरकारनं जे दाखवायला एवढा खर्च केला होता ते पडद्यावर चाललं होतं आणि बघणारा एकही डोळा उघडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपाशी बायका आल्या. टोचायला नाही. डोक्यावर पाट्या, पाट्यांत भाकरी. आमच्याकडे ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारचे भाकरी नेऊन देतात. तिला कडू भाकरी म्हणतात. ही मिलोची होती, म्हणजे तशीही कडूच.

"त्या बाईला द्या," गयाबाई म्हणाली.

"कुठल्या बाईला?"

"तिचं लेकरू गेलं ती. कुटं ऱ्हाती ती?"

मी पुढं झालो. समजावायला मला फार आवडायचं. "अहो मावशी, ते नाटक असतं. खरं कुणी मेलेलं नाही."

गयाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नाटक हाय, ते कळतंय आमाला. पर रडली ती खरीच ना? मंग तिला घासभर नगं?"

भाकरी इसाकनं ठेवून घेतल्या. टोचायला त्या दिवशी मोजकी माणसं आली. कुणी डावा हात पुढं केला, कुणी उजवा, एकानं तर पाय. साहेब हिरमुसून बसले. "कुणीच पाहिलं नाही. जागे सगळे होते. त्या मेलेल्या पोरासाठी जागे होते."

मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. तर्कात कुठंही चूक नव्हती, म्हणूनच ती भयंकर होती. रडण्यानंतर दाखवलेलं दिसत नाही ना? मग आधी टोचणं दाखवू, रडवू नंतर. जे आधी नीट पाहिलं ते रडण्यानं आणखी पक्कं होईल. दुपारी गाडीच्या सावलीत बसून त्यांनी इसाककडून रीळ कापून घेतलं आणि तुकडे पुढचे मागं चिकटवले. इसाक म्हणत होता, "साहेब, सरकारी माल हाय." साहेब म्हणाले, "सरकारचाच मेंदू सुधारतोय."

संध्याकाळी खेळ झाला. टोचण्याचं दृश्य सगळ्यांनी नीट पाहिलं, अंगठे थांबलेले, डोळे उघडे. साहेब खुशीत डब्यावर डुलत होते. मग पोरगं आजारी पडलं आणि मेलं. आई रडली. खेळ संपला. कुणी उठेना.

पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला जे दिसलं नव्हतं, ते मला आत्ता दिसलं. भाऊ दोन, सदरे एकाच कापडाचे. लोकांनी पाहिलं ते असं: पोराला टोचलं, आणि मग पोरगं मेलं.

दुसऱ्या दिवशी देवी डॉक्टरांपुढं चिटपाखरू नव्हतं. आधी टोचून घेतलेल्या बायका दंडाची खपली हातानं झाकून हिंडत होत्या आणि लेकरांच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मास्तरानंच फळ्यावर गणित चुकवावं तसा झाला. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला.

"बायांनो, बाबांनो, चूक माझी आहे. फिल्म मी कापली. पुढचं मागं केलं. मेला तो थोरला, त्याला टोचलंच नव्हतं."

भोंगा सगळ्या तलावावर घुमला. खडी फोडण्याचा आवाज जरासुद्धा थांबला नाही. गयाबाई घण न थांबवता म्हणाली, "तोंडाचं कोन ऐकतं साहेब? डोळ्यांनी पायलंय आमी. तुमीच दावलं."

साहेब दिवसभर डब्यावर बसून राहिले. माणसांकडेही बघेनात. सूर्य मावळल्यावर उठले आणि इसाकला म्हणाले, "तुझ्या मशीनला उलटं चालवायची कळ आहे ना?"

"हाय. पर आवाज वेडावाकडा यील."

"आवाज बंद कर."

लोक आले, करमणुकीला दुसरं होतं काय? पण दुरून, उभ्यानं. इसाकनं कळ दाबली. पडद्यावर आईच्या गालावरचे अश्रू वर चढून डोळ्यांत शिरले. ऊर बडवणारे हात छातीपासून लांब गेले. पोराच्या तोंडावरची चादर आपोआप सरकली, पोरानं डोळे उघडले, उठून बसलं आणि उलट्या पावलांनी अंगणात खेळायला गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळा तलाव हसायला लागला. म्हातारे, पोरं, मुकादम, सगळे. सुई दंडातून बाहेर आली, दंड सदऱ्यात गेला. त्या वर्षात माणसं एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. साहेब डब्यावर नव्हते. पहिल्यांदाच ते लोकांत उभे राहून पडद्याकडे बघत होते.

दिवा लागला तशी गयाबाई पडद्याखालून वाकून पुरुषांच्या बाजूला आली. थेट साहेबांपुढं उभी राहिली. ती हसत नव्हती.

"साहेब, उठिवता येतंय, तर मंग आदी मारलं कशापाई?"

ते म्हणाले, "तुम्ही बघावं म्हणून."

"आमी बगावं म्हनून लेकरू मारता?" तिनं कंदिलाच्या उजेडात चेहरा पुढं केला. "देवी काय अस्ती ते आमाला पडद्यावर दावता व्हय? ह्ये बगा. हितं हाय पिच्चर. माझी दोन गेली त्यात. ती न्हाई उठली."

साहेबांची मान खाली गेली. गयाबाईच पुढं बोलली, सौदा ठरवावा तशा आवाजात, "उद्या घिऊन येते समद्या बाया. समदी लेकरं बी. टोचा. पर त्या लेकराला पुन्यांदा मारायचं न्हाई. हितं न्हाई आन दुसऱ्या गावातबी न्हाई. हाय कबूल?"

"कबूल."

"मंग त्याचं जे काय आसंल ते द्या हिकडं."

साहेबांना कळायला वेळ लागला. इसाकला आधी कळलं. त्यानं मरणाचा तुकडा रिळातून कापून काढला आणि वेटोळं करून तिच्या ओंजळीत ठेवला. लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. सकाळी तलावाच्या भरावात एका ठिकाणी ओली माती होती आणि तिच्यावर धोंडा होता. नंतर देवी डॉक्टरांपुढं रांग लागली. बायका सगळ्या आल्या. उजवा हात पुढं.

साथ आमच्या तलावावर आली नाही. हे कुणामुळं, हे ठरवायचं काम कचेरीचं होतं, आणि कचेरीनं ते झटपट केलं. सरकारी चित्रपटाची नासधूस केल्याबद्दल देठे साहेबांकडे खुलासा मागवला. गहाळ तुकडा कुठं आहे तेही विचारलं. साहेबांनी लिहिलं, "सदर तुकडा मयत झाल्याने पुरला आहे." त्यांना गाडीवरून काढून नगरच्या कोठारात टाकलं, रिळांवरची धूळ पुसायला. जो माणूस फिल्म सोडून माणसं बघायचा, त्याला माणसं सोडून फिल्म बघायची शिक्षा. सरकारला विनोद कळत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नगरच्या एका टॉकीजमध्ये, दुपारच्या खेळाला. पुढच्या बाकांच्याही पुढं, पडद्याच्या पायथ्याशी, कुणीतरी जमिनीवर आमच्याकडे तोंड करून बसलं होतं. दारावरचा माणूस येऊन म्हणाला, "काका, सरळ बसा की. पैसे भरून पाठ करता?" काका हलले नाहीत. पडद्यावर कुणाची तरी आई मरत होती. थेटरभर रुमाल निघाले. उजेड बदलत होता आणि तो त्यांच्या टकलावर, खांद्यावर पडत होता. त्यांच्या मांडीवर कागदाची पुडी होती. पाऊस झाला होता, शेंगा परत आल्या होत्या. त्यांनी एक शेंग उचलली, दोन बोटांत धरली, आणि रडणाऱ्या माणसांकडे बघता बघता त्यांचा हात तसाच अर्ध्यात थांबला. मी बघत होतो तोवर ती शेंग फुटली नाही.

मागणी शेवटी ठेवू नये, असं ते सांगायचे. तरी ठेवतो, कारण एवढ्यात मी तुम्हाला रडवलेलं नसावं. पुढच्या खेपेला पडद्यावर, सभेत किंवा माझ्यासारख्याच्या पत्रकात कुणाचं लेकरू मेलं आणि तुमचे डोळे भरले, तर रडा. पण रुमाल जरा लवकर बाजूला करा, आणि त्याच्या लगेच नंतर तुमच्यापुढं काय ठेवलं जातंय ते उघड्या डोळ्यांनी बघा. मग उठून उभे राहा, आणि ज्यानं दाखवलं त्याला गयाबाईचा प्रश्न विचारा: आम्ही बघावं म्हणून लेकरू मारता?